मंत्री साहेब, इंजेक्शनसोबत माशांच्या मादीच्या खुराकाचेही पैसे द्या

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी राहतो नागपुरात, पण आमची मच्छीमार संस्था रामटेक तालुक्यातल्या एका मामा तलावावर (जुना मालगुजारी तलाव) आहे आणि पाऊस लागला की माझा मुक्काम तिथंच. मत्स्यबीजाबद्दल लिहितोय. दरवर्षी जुलै आला की बीज कुठं मिळते, कुठं मिळते अशी धावपळ सुरू होते, मग लांबून ऑक्सिजनच्या पिशव्यांत जिरं म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं आणायची, घरी येईस्तोवर त्यातली किती जिवंत राहतील काही भरोसा नाही, आणि बीज कमी पडलं की वर्षभराची कमाई गेली.

दोन वर्षांपूर्वी एका हॅचरीवर, म्हणजे मत्स्यबीज केंद्रावर, मी रात्रभर थांबलो होतो. संध्याकाळी रोहूच्या माद्यांना अंडी सोडवायचं इंजेक्शन दिलं, डोस मोजून दिला, औषध नवीन, बाटली माझ्यासमोर फोडली. पहाटे टॉर्च मारून बघतो तर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) अंडी जवळजवळ नाहीच, आणि दोन माद्या पोट टणक होऊन पाण्यावर आलेल्या. सगळे म्हणाले औषध खराब निघालं. मलाही तेच वाटलं होतं. पण नंतर मी खोदखोदून विचारलं, वाचलं, इथल्या मत्स्यविज्ञान कॉलेजच्या पोरांशी बोललो, तेव्हा कळलं की चूक औषधात नव्हतीच.

साहेब, हे इंजेक्शन म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच आहे. रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे, पावसाळ्यात नदीला पूर आला की अंडी देतात. तलावात पोट अंड्यांनी भरते पण पुराचा इशारा मिळत नाही म्हणून गाडी शेवटच्या टप्प्यावर अडकते. तो इशारा मेंदूतून जातो, जीएनआरएच नावाच्या पेप्टाइडच्या रूपात, फक्त १० अमिनो आम्लांची साखळी. ती पियुषिका ग्रंथीला म्हणजे पिट्युटरीला सांगते की साठवलेलं हार्मोन सोड, मग ते हार्मोन रक्तातून अंडाशयात जाऊन अंडी पिकवते आणि सोडवते. गाई-म्हशीत हा निरोप बारीक रक्तवाहिन्यांतून पिट्युटरीपर्यंत जातो, माशात मेंदूच्या नसा थेट पिट्युटरीत शिरतात. आणि रोहू-कतल्याच्या जातीत डोपामाइन नावाचा ब्रेक पण असतो, तो पिट्युटरीला दाबून ठेवते. म्हणून तयार इंजेक्शनात दोन गोष्टी असतात, एक साल्मन माशाच्या जीएनआरएचची सुधारलेली नक्कल, जी शरीरात लवकर तुटत नाही, आणि दुसरी डॉमपेरिडॉन, माणसाला उलटी थांबवायला देतात तेच, ते ब्रेक काढते.

आता मुद्द्यावर येतो. या इंजेक्शनात अंडी पिकवणारं हार्मोन नसतेच! ते फक्त पिट्युटरीला हुकूम देते, माल माशाचाच लागतो. अंड्यात बलक भरायला महिने लागतात, तो बलक मादीचं यकृत बनवते आणि रक्तातून अंडाशयात पाठवते, त्यासाठी मादीला जानेवारीपासून ढेप आणि कोंडा पोटभर मिळाला पाहिजे. त्या हॅचरीतल्या माद्या मे महिन्यात आणल्या होत्या, आमच्याकडच्या उन्हात आटत चाललेल्या टाक्यात ठेवल्या होत्या, खायला जवळपास काही नाही. अंड्यात बलकच नसेल तर हुकूम देऊन काय होणार?

पुढच्या वर्षी आम्ही आमच्या बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात निवडक २० माद्या आणि तेवढेच नर वेगळे ठेवले. शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा अर्धा अर्धा, रोज सकाळी. जुलैत मादीचं पोट हाताला मऊ लागलं, खालचं छिद्र लालसर फुगलेलं, नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखं पांढरं बाहेर यायचं. औषध त्याच कंपनीचं, डोस तोच. सकाळी हाप्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी नुसती खच्चून, माझा बाप तर हात घालून घालून बघत होता.

रोहू-कतल्यासारख्या भारतीय कार्प माशांच्या बाबतीत या कामाची सुरुवात आपल्याच देशात झाली आहे. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला दुसऱ्या माशांच्या पिट्युटरीचा अर्क टोचून या कार्पची पैदास करून दाखवली, तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस आहे. पुढे कितीतरी वर्षं लोक माशाचं डोकं फोडून ज्वारीच्या दाण्याएवढी ती गाठ काढायचे, अल्कोहोलमध्ये ठेवायचे, वाटून टोचायचे. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये डुकरं आणि मेंढ्यांचे लाखो मेंदू तपासून कळली, १९७७ चं नोबेल त्या कामाला मिळालं. त्याच्याच जिवावर आज आम्ही गाठी न काढता एका टोचणीत काम करतो.

म्हणून विनंती अशी. हॅचरीला बांधकाम आणि औषधाला पैसे मिळतात, पण पैदाशीच्या माशांचं वेगळं तळं आणि जानेवारी ते जून त्यांचा खुराक यासाठी स्वतंत्र तरतूद करा, जीआरमध्ये स्पष्ट लिहून. दरवर्षी त्याच त्या कुटुंबातले नर-मादी जुळतात, ते थांबवायला प्रत्येक केंद्रात मासा कुठून आणला, वय, वजन याची नोंद ठेवायला लावा, आणि भुवनेश्वरला तयार झालेला जयंती रोहू, म्हणजे लवकर वाढणारी सुधारित जात, विदर्भातल्या केंद्रांना द्या. आमचं मत्स्यविज्ञान कॉलेज नागपुरातच आहे, तिथल्या पोरांना जूनमध्ये प्रत्येक केंद्रावर माद्या तपासायला पाठवलं तरी कितीतरी इंजेक्शनं वाया जाणं थांबेल.

सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, चांगलंच केलं. शेतकऱ्याला बियाणं पेरणीच्या आधी लागते तसं आमचं बियाणं म्हणजे या माद्या, आणि त्यांचा खुराक जानेवारीत सुरू व्हावा लागते. म्हणून हा निर्णय डिसेंबरच्या आत निघू द्या साहेब, मार्चनंतर निघाला तर ते वर्ष गेलंच समजा.

आपला,
रामटेकच्या तलावावरचा एक मच्छीमार, मुक्काम नागपूर