फोटोखाली तारीख छापा ओ साहेब

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

मी कास पठारावर गाईडचं काम करते, फक्त सीझनला, म्हणजे साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गाव पठाराला लागूनच आहे. बाकीचे महिने भात, नाचणी आणि दोन म्हशी. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही मोबाईलवर, तर चुका दुरुस्त करून घ्या.

विषय असा की दरवर्षी सप्टेंबर लागला की आपल्या पेपरात (तुमच्याच असं नाही, सगळ्यांच्याच) कासचा मोठा रंगीत फोटो येतो आणि खाली 'फुलांचा गालिचा' असं काहीतरी. फोटो खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण तो कुठल्या दिवसाचा, पठाराच्या कुठल्या कोपऱ्यातला, हे कुणीच लिहीत नाही, आणि मग रविवारी माणसं तोच फोटो मोबाईलवर उघडून माझ्यापुढं धरतात, "ओ ताई, हे कुठाय?" धुकं असं की पुढं चाललेल्याची छत्री दिसत नाही, आणि हे गालिचा विचारतायत. पैसे भरून, ऑनलाईन बुकिंग करून, ट्रॅफिकमधून आलेले असतात बिचारे, त्यांचा राग मला कळतो, पण तो निघतो आमच्यावर. मागं एका काकांनी तर विचारलं, फुलं काढून टाकली का तुम्ही?

गालिचा होतो, खरंच होतो, पण तो काय लग्नातला मांडव नाही, एकदा घातला की आठवडाभर तसाच राहील असा. पाऊस उघडायला लागतो, मधे चार दिवस ऊन पडायला लागतं, मग एका पट्ट्यात तेरडा गुलाबी होतो, दुसरीकडं सीतेच्या आसवांनी जांभळं-निळं दिसतं, कुठं नुसते पांढरे गेंद, कुठं पिवळा कवला ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. एक जोरदार पाऊस झाला की चित्र बदललं. टोपली कारवीचा तर हिशोबच वेगळा, ती 7 वर्षांतून एकदा फुलते, 2016 ला फुलली, 2023 ला फुलली, म्हणजे आता 2030. तरी तिचा जुना फोटो दरसाल फिरतोच आणि दरसाल मला तिचा पत्ता विचारला जातो.

आणि वायतुरा! ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, सातारेन्सिस, ती पाण्यातली दोन शेंड्यांची फुलं पाऊस सुरू झाल्यावर डबक्यांत येतात तेव्हा पठारावर आम्ही आणि म्हशी. सीझनची गर्दी येईपर्यंत त्याचं बहुतेक उरकलेलं असतं. सातारकरांनाच ठाऊक नाही, बाहेरच्यांना काय बोलायचं.

मला विचाराल तर कास उभ्यानं बघायची जागाच नाही. खाली सगळा जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, त्यात कस नाही. मग इथल्या काही झाडांनी पोटाची सोय वेगळी केलीय. सीतेची आसवं म्हणून ज्याचे फोटो काढतात त्या नाजूक फुलाच्या बुडाशी ओल्या मातीत बारीक बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले जीव ओढले जातात आणि पचतात. दवबिंदू नावाचं एक रोपटं आहे, त्याच्या पानावरचे थेंब दव नसतंच, चिकट असतंय ते, किडा बसला की संपला. हे मी सांगितलं की माणसं पहिल्यांदा खाली वाकतात. परवा विट्याकडचं एक कुटुंब होतं, वडील फोटो मिळाला नाही म्हणून फुगलेले, पण पोरगं वाटेवरच पालथं पडून माझ्या भिंगातून दवबिंदूला चिकटलेलं चिलट बघत बसलं ते उठेचना. "मावशी, अजून हलतंय ओ!" वडील वरून ओरडतायत, चल, तलाव बघायचाय. शेवटी तेही बसले गुडघ्यावर. तलाव राहिला त्यांचा.

माझं काम हे आहे साहेब. पण पाऊण तासात फोटो पॉइंट, सेल्फी, मका आणि गाडीत, असं ठरवूनच जे येतात त्यांना मी काय दाखवणार? शाळांच्या सहलींचं तर बोलायलाच नको, पन्नास-साठ पोरं, एक गाईड, आणि सर घड्याळ बघतायत. शनिवार-रविवार सोडून आणा, दोन तास द्या, वीस-वीसचे गट करा, एवढं सांगून थकले.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम दाखवत नाही, कंदीलपुष्प कुठाय ते. कितीही आग्रह करा. त्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, माशी आत शिरते पण बाहेर येता येत नाही, मग केस सुकले की ती सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलावर जाते. गोष्ट सांगते, जागा नाही. जागा कळली की कंद उकरून न्यायला वेळ लागत नाही.

तर विनंती एवढीच. 2012 ला युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाच्या 39 ठिकाणांत कास गेलं तेव्हा सगळ्या पेपरांनी पान भरून छापलं, तशी आता फक्त चार ओळींची जागा द्या, दर शुक्रवारी, सीझनपुरती. पठारावर आज काय फुललंय आणि काय नाही. आणि फोटो छापाल तेव्हा खाली तारीख टाका. मजकूर मी फुकट पाठवीन, रेंज आली की. या आठवड्याचा हा घ्या:

तेरडा भरात. सीतेची आसवं कातळाकडेच्या ओल्यात भरपूर. कवला सुरू, ऊन पडलं तर दिसेल. सोनकी तुरळक. कारवी नाही. सकाळी धुकं. गालिचा सध्या नाही. भिंग असेल तर घेऊन या, नसेल तर माझं आहे.

— कासवरची एक गाईड, ता. जि. सातारा
(नाव छापू नये)