गावपत्रिका काढणाऱ्या बाईंना

आदरणीय संपादकबाई,
स. न. वि. वि.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरच्या आपल्या खोऱ्यात दर महिन्याला दारात पडणाऱ्या वीस पानी पत्रिकेबद्दल हे आभार. पत्र मराठीत लिहिलं, कारण मंडळाची, सोसायटीची किंवा गावाची पत्रिका काढणाऱ्या मराठी माणसांनी ते वाचावं असं वाटतं. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत हॉलच्या फळ्यावर लावली आहे. आभार चारचौघांत मानलेले बरे.

सगळ्यात आधी नोव्हेंबरच्या अंकातल्या, वीज गेली तर काय करावं हे सांगणाऱ्या मधल्या पानांबद्दल. २६ नोव्हेंबर २०२१ च्या शुक्रवारी आर्वेन वादळाचा वारा आला तो उत्तर-ईशान्येकडून. इथली झाडं पश्चिमेच्या वाऱ्याला पाय रोवून वाढलेली. नेहमीपेक्षा वेगळ्याच अंगाने जोर बसला, तशी ती मुळासकट उपटून तारांवर पडली आणि काही घरं आठवड्याहून जास्त अंधारात राहिली. आणि खेड्यात वीज गेली म्हणजे नुसते दिवे जात नाहीत. तेलावर चालणारा बॉयलरही पंपासाठी आणि ठिणगीसाठी वीज मागतो. ज्यांचं पाणी झऱ्याचं किंवा बोअरचं, त्यांचा पंप थांबतो आणि पाणी शुद्ध करणारा यूव्ही दिवाही विझतो. टाकीत पाणी शिल्लक असलं तर नळ चालूच राहतो, म्हणून माणूस फसतो. ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, हे तुम्ही ठळक अक्षरात छापता. फोनचंही तसंच. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजकडून वीज मिळायची, नवी डिजिटल लाइन घरातल्या प्लगवर चालते. मोबाइलला रेंज नसेल तर फोन कंपनीकडून बॅटरी मागून घ्या, ती आणीबाणीच्या फोनपुरती तासभर तरी टिकली पाहिजे, हेही तुमच्याच पानावर असतं. वीज गेल्याचं कळवायला १०५. घरात म्हातारं माणूस, पाच वर्षांखालचं मूल किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र असेल तर वीज कंपनीच्या प्राधान्य यादीत आधीच नाव घाला, पैसे पडत नाहीत.

या मजकुराइतकंच त्याच्या जागेचं कौतुक आहे. वीस पानी अंकात पान १० आणि ११ एकाच कागदावर समोरासमोर येतात. पिना उचकटल्या की तो कागद अख्खा निघतो आणि फ्रीजवर जातो. त्याच्या पाठीवर ९ आणि १२. तिथे तुम्ही फक्त जाहिराती घालता, म्हणजे भिंतीकडे तोंड करून गेल्या तरी कुणाची बातमी बुडत नाही. (धुराडी साफ करणाऱ्याची जाहिरात मात्र तिथे नसते. बरोबरच आहे, थंडीत तीच शोधावी लागते.)

दुसरं, तारखा. तुमच्या अंकात ‘उद्या’, ‘येत्या मंगळवारी’, ‘नेहमीच्या ठिकाणी’ हे शब्द सापडत नाहीत. अंक कुणाकडे पहिल्या दिवशी पोचतो, कुणाकडे पाचव्या. ‘येता मंगळवार’ दोघांचा वेगळा. म्हणून वार, तारीख, वेळ, जागा, सगळं लिहायचं, आणि वार कॅलेंडरवर बोट ठेवून ताडायचा. मागच्या वर्षीची जाहिरात उचलून तारीख बदलली आणि वार तसाच राहिला, ही चूक फार जणांकडून होते. मग फिरत्या वाचनालयाची गाडी येऊन निघूनही जाते.

कम्युनिटी कौन्सिलचं इतिवृत्त तुम्ही अर्ध्या पानात बसवता. मराठी वाचकांसाठी सांगायचं तर ही ग्रामपंचायत नव्हे. घरपट्टी नाही, पाणीपट्टी नाही, सदस्य बिनपगारी. पण बांधकामाच्या अर्जांवर तिचं मत विचारात घ्यावं लागतं. शेजाऱ्यांना हरकत घ्यायला नोटिशीच्या तारखेपासून २१ दिवस मिळतात आणि पत्रिका मासिक, म्हणजे अंक छापायला गेल्यानंतर आलेला अर्ज पुढच्या अंकापर्यंत शिळा होतो. असा अर्ज तुम्ही क्रमांक आणि शेवटच्या तारखेसह दुकानाच्या काचेवर चिकटवता. हे काम तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

कोकरांच्या दिवसांतली सूचनाही तशीच नेमकी. ‘कुत्री आवरा’ म्हणून भागत नाही. गाभण मेंढी नुसती पळवली तरी तिचा गर्भ पडतो, हे कारण तुम्ही देता, आणि २०२१ पासून दंड ४०,००० पौंडांपर्यंत गेला आहे हेही. बटाट्याची सुट्टी (शाळांची ऑक्टोबरची), केली (गावचा नाचगाण्याचा कार्यक्रम), बर्न्स सपर (कवी बर्न्सच्या जयंतीचं जेवण) वगैरे दोन ओळींत उरकता. ते गावात सगळ्यांना ठाऊकच असतं.

छपाईचं गणित बाहेरच्यांना कळत नाही. पानं चारच्या पटीतच वाढतात. अठरा पानांचा मजकूर आला की एक तर दोन पानं कापायची, नाही तर दोन भरायची. ३०० प्रती म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले १,५०० कागद. प्रिंटरवर ‘आखूड कडेने उलटा’ निवडायचं राहिलं तर एकाआड एक पान डोक्यावर उभं राहतं. काळ्या कुत्र्याचा फोटो आधी उजळला नाही तर कागदावर नुसता काळा डाग उमटतो, आणि मालकीण पुढचा महिनाभर बोलत नाही.

एक तक्रार आहे. घड्या घालायला तुम्ही कुणाला बोलवत नाही. पुढच्या अंकाच्या वेळी आम्ही चौघं हॉलवर येतो. लांब दांड्याचा स्टेपलर तुमचा, २६/६ च्या पिनांचे दोन डबे आमचे. पाच कागदांना त्या पुरतात. चहाला दूध आणतोच.

आपले,
खोऱ्याच्या वरच्या अंगाची मराठी घरं