अर्धशिशीच्या गोळ्यांचाही हिशेब ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणावारांचे दिवस आले की औषधाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : "उपवासानं पित्त झालंय, डोकं उठलंय, ती नेहमीची गोळी द्या." या वाक्यातला 'पित्त' हा शब्द चुकीच्या उपचाराकडे नेतो आणि 'नेहमीची' हा शब्द त्याहून मोठ्या दुखण्याकडे. आपल्या दैनिकातून हे घरोघरी पोचावे म्हणून हे पत्र.

आपल्याकडे उलटी झाली आणि मग डोके उतरले की ते पित्ताचे डोके ठरते. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. हे डोके बहुधा अर्धशिशीचे (मायग्रेनचे) असते आणि तिचा झटका मेंदूत सुरू होतो. त्या काळात जठराची हालचाल मंदावते, खाल्लेले पुढे सरकत नाही, म्हणून मळमळते, आंबट पाणी येते. उलटीनंतर बरे वाटते, कारण बऱ्याच जणांचा झटका त्या सुमारास ओसरतच असतो. घशात बोटे घालून उलटी काढल्याने तो लवकर संपत नाही, अंगातले पाणी आणि क्षार मात्र जातात. सहा-सहा महिने आम्लपित्ताची गोळी चालू ठेवूनही डोके थांबत नाही याचे कारण हेच.

ओळखायचे कसे? दुखणे औषधाविना ४ ते ७२ तास टिकते. ठणका लागतो, बहुधा एका बाजूला. 'अर्ध' हा शब्द नावात असला तरी पुष्कळांचे दोन्ही बाजूंना दुखते. जिना चढला, वाकून केर काढला की वाढते. मळमळ तरी असते किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत. असे पाच झटके येऊन गेले असतील आणि तपासणीत दुसरे काही निघाले नसेल, तर ती अर्धशिशीच. काहींना दुखण्याआधी ५ ते ६० मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येऊन त्या हळूहळू वर चढतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या साधारण तिप्पट आहे.

'सायनस'चेही तसेच. अर्धशिशीत नाक वाहते, डोळ्यांतून पाणी येते, गालावर दाब वाटतो, कारण चेहऱ्याच्या संवेदना नेणारी मज्जातंतूच या झटक्यात चेतलेली असते. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येत नसेल, ताप नसेल आणि डोके महिन्यातून तीन-चारदा असेच धरत असेल, तर वाफारे आणि प्रतिजैविके यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. मान आखडणे, सारख्या जांभया, चिडचिड, गोड खावेसे वाटणे ही लक्षणे दुखण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीही येतात. मग मानेला पट्टा लागतो, किंवा "चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं" असे घरचे म्हणतात. ते चॉकलेट खावेसे वाटले तेव्हा झटका सुरू झालेला होता.

आता उपवास. संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्या पुढे, हरतालिकेला अनेक घरी पाणीही नाही, नवरात्रात नऊ दिवस जेवणाच्या वेळा बदललेल्या. उपाशीपण, पाणी कमी, जागरण आणि वेळेवर न मिळालेला चहा या चार गोष्टी एकाच दिवशी गाठतात. त्यातला चहा सर्वांत दुर्लक्षित. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने तो एकदम सोडला की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. रविवारी उशिरा उठणाऱ्यांचे डोके दुपारी धरते त्यातही हा हात असतो : झोप जास्त, चहा उशिरा, नाश्ता आणखी उशिरा. उपवासाला चहा चालत असेल तर तो नेहमीच्याच वेळी घ्यावा. चालत नसेल तर दोन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत आणावा. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जावे : दही, केळे, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे. सकाळी पातेलेभर साबुदाण्याची खिचडी आणि मग रात्रीपर्यंत काही नाही, ही रीत या आजारात वाईट. ज्यांना दर निर्जळी उपवासाला झटका येतो त्यांनी पाणी तरी घ्यावे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर सुनेला ते सोपे जाते.

गोळीबद्दल दोन गोष्टी बहुतेकांच्या चुकतात, वेळ आणि मात्रा. "बघू, थांबतंय का" म्हणत दोन-तीन तास काढले की जठर मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते. गोळी लागू पडत नाही असे वाटते, ती शोषलीच गेलेली नसते. दुखणे सौम्य असतानाच घ्यावी, आणि पुरेशी घ्यावी. मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. किंवा आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, किंवा नॅप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन. पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन ९०० ते १००० मिलिग्रॅम लागते, बाजारातली एक गोळी साधारण ३२५-३५० ची असते, म्हणून एकीने भागत नाही. मळमळ असेल तर डॉक्टरांना विचारून डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅम आधी १५-२० मिनिटे घ्यावी. उलटी थांबवण्याबरोबर ती जठरही हलते करते.

कोणी काय टाळावे हेही तितकेच महत्त्वाचे. आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे जठराला व्रण असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वेदनाशामकाने दमा उसळणाऱ्यांनी स्वतःहून घेऊ नयेत. अ‍ॅस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर ती अर्धशिशी समजू नये. डेंग्यूची शंका असताना या तिन्ही गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

साध्या गोळीने दोन-तीन झटक्यांत भागले नाही तर ट्रिप्टान गटातली औषधे आहेत : सुमाट्रिप्टान ५० ते १०० मिलिग्रॅम, रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम. ही खास अर्धशिशीसाठीच आहेत, तरी आपल्याकडे फार कमी रुग्णांपर्यंत पोचतात. डोळ्यांपुढच्या रेषा दिसत असताना नव्हे, दुखणे सुरू होताच घ्यावीत. उतरून पुन्हा चढले तर दोन तासांनी एकदा आणखी घेता येते. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाहीत, म्हणून पहिली चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी. झटके टाळण्यासाठी रोज घ्यायचे प्रोप्रानोलॉल हे औषध चालू असेल तर रिझाट्रिप्टान निम्मी, ५ मिलिग्रॅम.

आता ती 'नेहमीची' गोळी. एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचे औषध अशी चौघांची मोट बांधलेली ही गोळी गावोगावी मिळते. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी सर्रास दिली जाते. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळते. गरोदरपणात, हृदयविकारात, हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकारात ती घेऊ नये. घशासाठी किंवा छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन अथवा एरिथ्रोमायसिन चालू असेल तर मुळीच नाही. ही प्रतिजैविके एर्गोटामिनचा निचरा रोखतात, रक्तातले त्याचे प्रमाण वाढत जाते आणि बोटे थंड, निळी पडून कुजण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ट्रिप्टान आणि ही गोळी यांच्यात निदान २४ तासांचे अंतर हवे.

पण जास्त नुकसान होते ते तिच्या सवयीने, आणि ही गोष्ट फक्त या गोळीपुरती नाही. डोकेदुखीची औषधे ठरावीक दिवसांपेक्षा जास्त घेतली की तीच डोके दुखवतात. एर्गोटामिन, ट्रिप्टान, ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी अफूच्या जातीची वेदनाशामके आणि एकापेक्षा जास्त वेदनाशामके असलेल्या मिश्र गोळ्या महिन्यातून १० दिवस, किंवा नुसते पॅरासिटामॉल अथवा नुसते आयब्युप्रोफेन अशा एकाच औषधाच्या गोळ्या १५ दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की आधी महिन्यातून चार वेळा दुखणारे डोके रोज दुखू लागते. पहाटे दुखत जाग येते, गोळी घेतली की चार तास बरे वाटते, पुन्हा तेच. माणूस म्हणतो, माझा आजार वाढला. वाढलेली असते ती गोळी. मिश्र गोळीतले कॅफिनही यात भर घालते. चारपैकी कोणते औषध आपल्याला लागले हे घेणाऱ्याला कळत नाही, ते वेगळेच.

म्हणून मोजावे. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहितो, त्याच चौकटीत दुखले त्या दिवशी 'द' आणि गोळी घेतली त्या दिवशी 'ग' लिहावा. पाळीच्या तारखांवर गोल करावा. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत : एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच 'ग'. पाकिटे वेगवेगळी असली तरी सगळे 'ग' एकत्र धरायचे. आठवड्याला दोनपेक्षा जास्त 'ग' नकोत. तीन महिन्यांची ही पाने डॉक्टरांसमोर ठेवली तर सीटी स्कॅनपेक्षा जास्त सांगतात. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच 'द' पडत असतील तर त्याच पाच-सहा दिवसांपुरते नॅप्रॉक्सेन देण्यासारखा वेगळा उपचार असतो, तो पानावरून लगेच लक्षात येतो.

गोळीचा अतिरेक झालाच असेल तर थांबवावी लागते. साधी वेदनाशामके, ट्रिप्टान आणि एर्गोटामिन एकदम बंद करता येतात. ट्रॅमाडॉल-कोडीन मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. पहिले दोन ते दहा दिवस डोके आधीपेक्षा जास्त दुखते, मळमळते, झोप लागत नाही. ट्रिप्टानचा हा काळ चारेक दिवसांचा, वेदनाशामकांचा आठवड्याहून अधिक. याच दिवसांत बहुतेक जण हार मानतात, कारण हे होणार असे कोणी सांगितलेलेच नसते. परीक्षा, लग्नकार्य, दिवाळीची गडबड सोडून तारीख ठरवावी, घरच्यांना कल्पना द्यावी आणि रोजचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांकडून त्याच वेळी सुरू करून घ्यावे.

या प्रतिबंधक औषधांबद्दल गैरसमज फार. महिन्यातून चार-पाच दिवस किंवा त्याहून अधिक वाया जात असतील तर ती घेण्यासारखी आहेत. प्रोप्रानोलॉल दमेकऱ्यांना नको. अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, झोप कमी असलेल्यांना बरी. "ही तर डिप्रेशनची गोळी" असे इंटरनेटवर वाचून ती फेकून देऊ नये, इथे ती वेदनेसाठी, कमी मात्रेत असते. फ्लुनारिझिनने वजन वाढते, मन उदास होऊ शकते आणि वयस्कांत हात थरथरू शकतात. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखड्याची भीती असते, म्हणून पाणी भरपूर. गर्भधारणेची शक्यता असताना टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट ही दोन्ही बाळाला घातक. कोणतेही औषध लागू पडले की नाही हे ठरायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पंधरा दिवसांत बदलत राहिले तर पाचही औषधे 'निकामी' ठरतात. दुखण्याचे दिवस निम्मे झाले तरी ते यश समजावे. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस दुखणाऱ्यांसाठी बोटुलिनमची इंजेक्शने आणि सीजीआरपी (झटक्यात पाझरणारे, वेदना चेतवणारे द्रव्य) रोखणारी इंजेक्शनेही आता आहेत, महाग आहेत.

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम. ज्या स्त्रीला दुखण्याआधी चमकत्या रेषा दिसतात तिने इस्ट्रोजेन असलेल्या संमिश्र गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून ते तिनेच स्वतःहून सांगावे लागते.

घरगुती उपायांना आमचा विरोध नाही. अंधारी शांत खोली, फडक्यात गुंडाळलेला बर्फ कपाळावर पंधरा मिनिटे, डोक्याला घट्ट फडके, हे करावेच. सुंठेचा लेप वाळेपर्यंत ठेवला तर कातडी भाजते, बाम डोळ्यांजवळ नको.

आणि काही वेळा यातले काहीच करत बसू नये. मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी वेदना, तापाबरोबर मान ताठ होणे, तोंड वाकडे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले दुखणे : थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले, चावताना जबडा भरून येणारे दुखणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

आपल्या आरोग्य पुरवणीत अर्धशिशीवर लेख येतात, त्यांत 'ताण टाळा' असते, गोळ्यांच्या दिवसांची मर्यादा नसते. ती १० आणि १५ दिवसांची चौकट पुरवणीत ठळक छापावी, ही विनंती. दुकानदार बांधवांना एवढेच सांगणे आहे की महिन्यात दुसऱ्यांदा तेच पाकीट मागणाऱ्याला "या महिन्यात किती दिवस घेतली?" हे विचारल्याशिवाय ते देऊ नये.

आपले विश्वासू,
दोन औषधनिर्माते, मिरज