टीटी घेतली म्हणजे झालं असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोवंडीत एका मेडिकलच्या काउंटरवर मी अकरा वर्षं काम करतेय. देवनार डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बायका येतात, तळव्याला फडकं गुंडाळलेलं, "ताई सुई लागली, टीटी द्या". बस एवढंच. टीटी धनुर्वातासाठी असते, कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीला तिचा काडीचा उपयोग नाही हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कावीळ बी ची लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या तर सुई लागल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि ह्या बायका येतात कधी चार दिवसांनी, हात सुजल्यावर, कारण एक खाडा झाला की त्या दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला काही नाही. मला फार वाईट वाटतं हो.

आणि ह्या सुया काय फक्त हॉस्पिटलच्या नसतात, आपल्या घरातल्या पण असतात. इन्सुलिन घेणारा माणूस आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहे, सुई वापरली की भाजीच्या सालींबरोबर काळ्या पिशवीत. माझ्याच गिऱ्हाइकांना मी रोज सांगते, झाकणाच्या जाड बाटलीत साठवा, आत सुया आहेत असं वरती लिहा आणि वेगळी द्या.

देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ च्या आगीत आमच्याकडे कित्येक दिवस धूर होता, शाळा बंद ठेवायला लागल्या. दबलेल्या ओल्या कचऱ्यात मिथेन होतो तो पेटतो, हे तिथल्या कामगारांना रोजचं आहे. त्या आगीनंतर पहारा वाढला, तरी पोटासाठी लोक जातातच, मग पहाटे अंधारात, आणि अंधारात सुई दिसत नाही. आता सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसायचं काम निघालंय, म्हणजे कित्येक वर्षं दबलेलं सगळं वर येणार. २०१६ च्या घनकचरा नियमांत ग्लोव्हज, मास्क, बूट, रेनकोट द्यायचं लिहिलं होतं, पण माझ्याकडे येणाऱ्या वेचक बायकांच्या पायात मी अजून स्लीपरच बघते.

पालिकेला एकच विनंती, कावीळ बी च्या लसीचा कॅम्प डंपिंगच्या गेटजवळच घ्या, तिन्ही डोस होईपर्यंत, वेचकांनाही द्या, कार्ड मागत बसू नका. आणि सकाळी अकराला ठेवू नका, तेव्हा सगळे वर ढिगाऱ्यावर असतात. संध्याकाळी काटा झाल्यावर ठेवा.

एक वाचक, गोवंडी