रागाच्या खाली काय आहे ते बघ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

"माझं डोकंच फिरलं" हे वाक्य हल्ली तुझ्या तोंडी फार येतं. त्यातून ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि तुलाही नाही. राग बहुतेक वेळा वरवरचा असतो. खाली हिरमोड असतो, अपमान असतो, धास्ती असते, कधी नुसता हेवा. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची ददात नाही: चीड, वैताग, त्रागा, रुसवा, खंत, हुरहुर. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. वैतागाला पुष्कळदा झोप पुरते. अपमान वाटला असेल तर बोलावंच लागतं. आणि हेवा असेल तर समोरच्याने काही केलेलंच नसतं! म्हणून आधी नेमका शब्द शोध. नाव दिलं की भावना थोडी निवते. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात, फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना बघणाऱ्याच्या मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली.

भांडण पेटलंच तर नाडीकडे लक्ष दे. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन सांगतात की बसल्या जागी ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, डोक्यात शिरत नाही. तेव्हा कितीही बिनतोड मुद्दा असला तरी तो वाया जातो. शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. "मला आत्ता नीट ऐकता येत नाहीये, अर्ध्या तासाने बोलू," असं सांग आणि मगच ऊठ. वेळ न सांगता उठलास तर ती शिक्षा वाटते. त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात उत्तरं घोळवलीस तर मात्र ठोके उतरणारच नाहीत; चाल, पाणी पी, दुसरं काही वाच. ठरलेल्या वेळी आपणहून परत ये. बहुतेक जण इथेच चुकतात.

परत आल्यावर "तू नेहमी" आणि "तू कधीच" हे दोन्ही गाळ. ते ऐकताच समोरचा अपवाद शोधायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. एकच प्रसंग, त्याने तुला काय वाटलं आणि आता काय हवंय, एवढंच बोल: "काल तू येणार नाहीस हे मला शेवटच्या क्षणी कळलं. माझा हिरमोड झाला. पुढच्या वेळी आधी कळव." "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" ही भावना नव्हे, "वाटतं"ची झूल पांघरलेला आरोप आहे.

दुसरा आपलं दुःख सांगत असेल तेव्हा तुझी उपाय सुचवायची घाई आवर. "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" असं सरळ विचार. आनंदाची बातमी सांगत असेल तर मान वर करून दोन प्रश्न तरी विचार. मोबाइलमध्ये बघत "अरे वा" म्हणणं न म्हटल्यासारखंच.

राहिली माफी. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यातल्या "तर"मध्ये सगळी लबाडी आहे. काय चुकलं ते नाव घेऊन सांग, "पण" जोडू नकोस, आणि भरपाई काय करणार तेही सांग. मग लगेच "झालं ना आता?" विचारू नकोस. त्याचा राग उतरायला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

तुझी,
आई