जो परवानाच नाही, तो आम्ही मानायचा कसा?

माननीय सिनेटर जॉन थून यांना,

स. न. वि. वि.

मी आपला मतदार नाही. साउथ डकोटापासून बराच लांब, न्यू जर्सीतल्या एडिसन भागात राहतो. इथे इतकी मराठी घरे आहेत की हे पत्र मराठीत लिहिताना मला जराही अवघडल्यासारखे होत नाही. आमचे दोन्ही सिनेटर कोणत्या बाजूने मत देतील हे आम्हाला ठाऊकच आहे. पण सिनेटमधील बहुमताचे नेते या नात्याने कोणते विधेयक सभागृहापुढे आणायचे हे आपण ठरवता, म्हणून पत्र आपल्याला.

लपवून पिस्तूल बाळगण्याची एका राज्यात असलेली मुभा इतर राज्यांनीही मानावी, यासाठीचे विधेयक हाउसमधले (प्रतिनिधीगृहातले) नॉर्थ कॅरोलायनाचे सदस्य रिचर्ड हडसन यांनी पुन्हा मांडले आहे. २०१७ साली हाउसने ते २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले होते, पण सिनेटमध्ये ते अडकले. मार्च २०२५ मध्ये हाउसच्या न्यायविषयक समितीने त्याला पुन्हा वाट करून दिली. आपल्याला हा विषय नवा नाही. जुलै २००९ मध्ये अशीच दुरुस्ती आपण स्वतः सुचवली होती. तिला ५८ मते मिळाली, लागत होती ६०.

त्या २००९ सालाकडेच मला आपले लक्ष वेधायचे आहे. परवाना न काढता लपवून पिस्तूल बाळगायची मोकळीक तेव्हा व्हरमाँट आणि अलास्का या दोनच राज्यांत होती. आज ती २९ राज्यांत आहे. एकमेकांचे परवाने मानण्याची भाषा तेव्हा शोभत होती, कारण मानायला परवाने तरी होते. आता निम्म्याहून अधिक राज्यांत कागदच लागत नाही. रात्री आमच्या टर्नपाइकवर (टोल महामार्गावर) अडवलेल्या गाडीत पिस्तूल सापडले आणि चालक म्हणाला, ‘माझ्या राज्यात परवाना लागत नाही’, तर आमच्या पोलिसाने नेमके काय तपासायचे? बरे, २०१७ च्या मसुद्यात चुकीच्या अटकेबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावायची सोयही होती. म्हणजे पोलिसाने हात लावायचा तो कोर्टाची पायरी डोळ्यांपुढे ठेवूनच.

आपल्या बाजूचे लोक नेहमी गाडीच्या लायसन्सचा दाखला देतात. ते सगळीकडे चालते, मग हे का नको? पण परीक्षा न घेता गाडी हाती देणारे एकही राज्य या देशात नाही. (भारतातही शस्त्रपरवान्यावर तो कोणत्या हद्दीपुरता आहे हे लिहिलेले असते, आणि त्यात कोणाला अपमान वाटल्याचे ऐकिवात नाही.)

न्यू जर्सी कोणालाच परवाना देत नाही, ही तक्रार एके काळी खरी होती. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात निकाल दिला आणि ‘खास गरज सिद्ध करा’ ही अट गेली. आता इथला सामान्य माणूस अर्ज करू शकतो, बाहेरच्या राज्यातलाही करू शकतो. त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते, गोळी झाडून दाखवावी लागते, नात्यातले नसलेले चार जण जामिनासारखे उभे करावे लागतात. जाच म्हणा हवे तर, पण तो आमच्या विधिमंडळाने ठरवलेला आहे.

एक गोष्ट मात्र मी नाकारणार नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईला न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत अटक झाली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता आणि पिस्तूल जवळ असल्याचे तिने पोलिसाला आपणहून सांगितले होते. तरी किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्यावर आली. ते अन्यायाचेच होते. पण पुढे काय झाले तेही पाहावे. २०१४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी अशा प्रवाशांबाबत सरकारी वकिलांना नवे निर्देश दिले आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. क्रिस्टी आपल्याच पक्षाचे. वॉशिंग्टनला मध्ये पडावे लागले नाही.

आणि साउथ डकोटाने तरी काय केले? परवान्याची अट काढणारे विधेयक गव्हर्नर डेनिस डॉगार्ड यांनी २०१२ मध्ये नाकारले, २०१७ मध्ये पुन्हा नाकारले. तेही रिपब्लिकनच. २०१९ मध्ये नव्या गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी सही केली तेव्हा कुठे अट गेली. आपल्या लोकांनी आपापसांत भांडून, वेळ घेऊन आपला निर्णय केला. त्यात आम्ही न्यू जर्सीवाल्यांनी नाक खुपसले नाही.

ब्रूएनच्या दुसऱ्याच दिवशी गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोपवणारा निकाल आला, तेव्हा आपल्या पक्षाने राज्यांच्या अधिकाराचे केवढे स्वागत केले होते! पिस्तुलाची पाळी आली की तो अधिकार कुठे जातो?

प्रामाणिक प्रवाशाची काळजी असेल तर १९८६ चा केंद्रीय कायदा आहेच. रिकामे करून, हाताशी येणार नाही अशा जागी ठेवलेले शस्त्र घेऊन राज्य ओलांडणाऱ्याला तो संरक्षण देतो. वाटेतला मुक्काम, बिघडलेली गाडी याबाबत त्यात संदिग्धता असेल तर ती दूर करणारे छोटे विधेयक आणा. आमच्या सिनेटरांनी त्याला पाठिंबा द्यावा म्हणून मीही त्यांना पत्र लिहीन. हडसन यांचे विधेयक मात्र मतदानाला घेऊ नये, ही विनंती.

आपला,
न्यू जर्सीतील एक मराठी रहिवासी