मार खाणाऱ्याकडे बघायला शिकवलंत, काका!

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हिडिओ लायब्ररी बंद करून गाव सोडलंत आणि तुमचा पत्ता कुणालाच सांगता येईना. म्हणून आभाराचं हे पत्र उघडच लिहिते आहे.

हीरोकडे सगळेच बघतात, तू मार खाणाऱ्याकडे बघ, असं कॅसेट देताना तुम्ही सांगितलं होतंत. तिथून हाँगकाँगच्या फायटिंगच्या पिक्चरांची मला जी गोडी लागली, ती आजही तशीच आहे. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये (१९७३) ब्रूस ली ज्याचे केस धरून मान मोडतो, तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन! तुम्ही पॉज करून दाखवला नसतात, तर तो मला कधीच दिसला नसता.

मग त्याचाच 'पोलीस स्टोरी' (१९८५) दिलात. त्या मॉलमधल्या शेवटच्या मारामारीला तोड नाही. माणसं काचेच्या कपाटांवर आदळतात, जिन्यांवरून गडगडत खाली येतात, आणि कॅमेरा इतका मागे की डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दिसतो. ठोसा कुठून सुटला, कुठे बसला, सगळं स्वच्छ. शेवटी जॅकी दिव्यांच्या माळा लावलेल्या खांबावरून मजले ओलांडत घसरत येतो. ती उडी लागोपाठ तीनदा दाखवली आहे आणि तिन्ही वेळा मी ओरडते! हल्ली कित्येक मारामाऱ्यांत इतके कट असतात की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. त्याचा मला खरंच राग येतो.

जॅकी आणि हाँगकाँगचेच फायटिंगवाले नट सॅमो हंग, युएन बियाव हे तिघंही लहानपणी एकाच गुरूकडे चिनी ऑपेरा शिकले. कोलांट्या, शस्त्रं, ताल, सगळं तिथलंच. म्हणून तर दोन ठोसे, एक लाथ, जरासं थांबणं आणि पुन्हा ठोसा, हे तिहाईसारखं बरोब्बर समेवर येतं. सॅमो एवढा जाडजूड, पण काय चपळ! गोष्ट काय तर चोर-पोलीस. तेवढी पुरते.

पिक्चर संपून नावं सुरू झाली की आम्ही उठायचो, तेव्हा तुम्ही थांबवायचात. जॅकीच्या पिक्चरांत तिथेच तर फसलेले स्टंट दाखवतात. कुणी चुकीचा पडतो, कुणी कळवळतो, सगळी टीम धावत येते आणि मग तोच स्टंट पुन्हा करतात. आपल्याला मजा यावी म्हणून इतकं सोसणारी ती माणसं तुम्ही मला दाखवलीत. त्याबद्दल, काका, मनापासून आभार.

तुमची,
एक जुनी गिऱ्हाईक